पहाणीवरचा बोजा आणि माणसावरची जबाबदारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यात वडील आणि काका यांच्या नावे जंटी पहाणीची 2 एकर जमीन आहे (पहाणी म्हणजे कर्नाटकातला सात-बारा, जंटी म्हणजे सामाईक). दोघंही आता हयात नाहीत. पहाणीच्या अकराव्या रकान्यात काकांच्या नावे सोसायटीच्या 60,000 रुपयांच्या कर्जाची नोंद आहे, आणि सोसायटीची कन्नड नोटीस तुम्ही, तुमची बहीण आणि चुलतभाऊ अशा तिघांच्या नावे आली आहे. आजोबांच्या 1951 च्या खरेदीपत्रात ‘बोजा’ हा शब्द आहे, पहाणीत ‘ऋण’ आहे, नोटिशीत ‘होणेगाररु’ आहे. चुलतभाऊ म्हणतो, बोजा सगळ्यांच्याच डोक्यावर. तुमचा हिस्सा घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे. तेव्हा हे सगळे शब्द एकच का, आणि नव्या दस्तात नेमकं काय लिहायचं?

मी बेळगावात दस्त लिहून देतो आणि जुनी मराठी, मोडी कागदपत्रं कन्नडमध्ये करून देतो. वकिली करत नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी आणि तिथून परत आल्यावर माणूस बहुतेक वेळा माझ्याच टेबलाशी बसतो, म्हणून या शब्दांशी रोजची गाठ आहे. आधी उत्तर सांगतो: हे शब्द एक नव्हेत. बोजा मिळकतीवर असतो, जबाबदारी माणसावर असते. दोन्ही एकाच कर्जातून निघतात म्हणून एक वाटतात, पण पुढे त्यांच्या वाटा फुटतात. जमीन विकली तर बोजा जमिनीबरोबर जातो, कर्ज फेडण्याची जबाबदारी मात्र कर्ज घेणाऱ्याकडेच राहते. कर्जदार वारला तर जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीपुरती उरते, बोजा जिथल्या तिथे असतो. तुमच्या घरातला वाद निम्म्याहून जास्त या सरमिसळीतून आला आहे.

मराठीत हा फरक क्रियापदांतच दिसतो. बोजा चढतो, बसतो, उतरतो. जबाबदारी येते, घेतली जाते, पार पाडली जाते आणि सोयीने झटकलीही जाते. बोजा झटकता येत नाही, तो रीतसर उतरवावाच लागतो. ‘ओझं’ हा घरातला शब्द, वैरणीच्या भाऱ्याचा, दप्तराचा, मनावरचा. दस्तात तो मी कधी वाचलेला नाही. ‘भार’ दोन्हीकडे चालतो: संसाराचा भार, पदभार, आणि सरकारी कागदावर ऋणभार. ‘माझा बोज राखला नाही’ यातला बोज म्हणजे मान, वजन. तो दस्तात येत नाही, वाटणीच्या बैठकीत मात्र हमखास येतो.

कचेरीतला ‘चार्ज’ हा आणखी एक घोळ. नवा तलाठी चार्ज घेतो आणि त्याच गावातल्या शेतावर बँकेचा चार्ज बसतो. पहिला म्हणजे पदभार, दुसरा म्हणजे बोजा. मोबाईलवर केलेल्या भाषांतरात दुसऱ्याचं ‘शुल्क’ होतं, आणि माणूस ‘हे शुल्क कुठं भरायचं?’ असं विचारत हिंडतो.

‘कमी’ या शब्दाकडेही लक्ष द्या. महसुली भाषेत ‘नाव कमी केलं’ म्हणजे नाव काढून टाकलं. तसंच ‘बोजा कमी केला’ म्हणजे नोंद पूर्ण गेली. 60,000 पैकी 40,000 भरले म्हणजे ‘बोजा कमी झाला’, असं बोली भाषेत म्हणता येईल, पण पहाणीत काहीही बदलत नाही. तिथे लिहिलेली रक्कम सहसा मंजुरीच्या वेळची असते, आज किती बाकी आहे ते ती सांगत नाही. बाकीचा आकडा सोसायटीच्या खातेउताऱ्यातूनच घ्यायचा. व्याज धरून तो जास्त निघेल, किंवा काकांनी बरेच हप्ते भरले असतील तर बराच कमीही निघेल.

आता आजोबांचा दस्त. तुम्ही पाठवलेली ओळ अशी आहे: “सदर मिळकतीवर कोणाचे कर्ज, गहाण, अन्नवस्त्र, जप्ती वगैरे कसलाही बोजा नाही. निघाल्यास त्याचे निवारण आम्ही स्वखर्चाने करू, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही.” 1951 साली बेळगाव मुंबई राज्यात होतं, आणि त्या काळचे दस्त याच घडणीचे. ओळ जुनी असली तरी लिहिणाऱ्याला शब्दांची जाण पक्की होती. पहिलं वाक्य जमिनीबद्दल आहे, तिथे ‘बोजा’ आलाय. दुसरं वाक्य माणसाबद्दल आहे, तिथे तो बोजा म्हणत नाही, निवारण आणि तोशीस म्हणतो. तोशीस म्हणजे झळ, खर्चाचा आणि त्रासाचा भुर्दंड. विकणारा म्हणतोय की जमीन मोकळी आहे, आणि ती मोकळी नाही असं उद्या निघालं तर निस्तरणारा मी.

त्या यादीतलं ‘अन्नवस्त्र’ पुष्कळजण शोभेचा शब्द समजून वगळतात. तो शोभेचा नाही. घरातल्या विधवेचा किंवा अवलंबून असलेल्या बाईमाणसाचा पोटगीचा हक्क त्या मिळकतीच्या उत्पन्नावर असू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 39 प्रमाणे, असा हक्क आहे हे माहीत असताना जमीन घेणाऱ्यावर, किंवा फुकट बक्षीस मिळालेल्यावर, तो हक्क चालवता येतो. अकराव्या रकान्यात त्याची नोंद सहसा नसतेच. म्हणून गिऱ्हाइकाने पहाणी बघितली तरी घरात कोण कोण आहे हे विचारावं, आणि विकणाऱ्याने ते लपवू नये.

विकणाऱ्याने हे वचन लिहून दिलं नाही तरी कायदा ते धरून चालतो. त्याच कायद्याच्या कलम 55 मध्ये सांगितलंय की बोज्यासह विकत आहे असं ठरलेलं नसेल तर विक्रीच्या वेळी मिळकतीवर असलेले बोजे विकणाऱ्याने फेडायचे. पण हे झालं विकणारा आणि घेणारा या दोघांत. ज्याचा बोजा आहे ती सोसायटी त्या दस्तात सही करत नाही, त्यामुळे ‘कसलाही बोजा नाही’ असं दहा वेळा लिहिलं तरी तिचा हक्क केसभरही हलत नाही. गिऱ्हाइकाला जमीन सोसायटीच्या हक्कासहच मिळते. मग त्याने विकणाऱ्याला कोर्टात खेचून पैसे वसूल करावेत. दस्तातली ती ओळ त्याला कामी येते ती तिथे.

कन्नड शब्दांकडे येतो, कारण नोटीस वाचून तुम्ही घाबरलात ती तिथेच. पहाणीत नवव्या रकान्यात मालकांची नावं असतात, दहाव्यात जमीन कशी आली ते, आणि अकराव्याचे दोन भाग: ‘हक्कुगळु’ आणि ‘ऋणगळु’. कर्जाच्या नोंदी या दुसऱ्या भागात, 11-ब मध्ये येतात. यातला ऋण म्हणजे आपला बोजाच. आपल्या भागात कन्नड बोलणारे शेतकरीसुद्धा तोंडी ‘बोजा’च म्हणतात, मुंबई इलाख्याच्या कारभारातले उतारा, तलाठी, वर्दी, वारसा हे शब्द सीमेच्या दोन्ही भाषांत मुरलेले आहेत. चंदगड-गडहिंग्लजकडे सोयरीक असेल तर तिकडच्या सात-बाऱ्यावर हीच नोंद ‘इतर अधिकार’ या रकान्यात दिसेल.

‘साल’ हा शब्द कन्नडमध्ये कर्जाचा आहे, मराठीत वर्षाचा; लिपीची जुजबी ओळख असणारा ‘बेळे साल’ वाचून पिकाचं वर्ष समजतो, पण ते पीककर्ज असतं. आणि तुमच्या नोटिशीतला ‘होणेगाररु’. कन्नडमध्ये ‘होरे’ म्हणजे ओझं आणि ‘होणे’ म्हणजे जबाबदारी. मराठी ‘होणे’शी त्याचा काही संबंध नाही. होणेगार म्हणजे जबाबदार माणूस. म्हणजे सोसायटीने पहाणीतल्या ‘ऋण’ या शब्दावरून तुम्हाला नोटीस काढली, पण नोटिशीत तुम्हाला ‘होणेगार’ केलं. जमिनीवरून माणसांवर ही उडी आहे, आणि ती बरोबर आहे की नाही हाच तुमचा खरा प्रश्न.

काकांनी सोसायटीकडून कर्ज घेतलं तेव्हा शेतजमिनीवर बोजा ठेवण्याचं घोषणापत्र लिहून दिलं असणार. सहकारी संघांच्या 1959 च्या कर्नाटक कायद्यात सभासदाने असं घोषणापत्र देण्याची सोय आहे. बँकांच्या शेतीकर्जासाठी 1974 चा वेगळा कायदा आहे. हल्ली फ्रूट्स या सरकारी प्रणालीतून, शेतकऱ्याच्या एफआयडी (ओळख) क्रमांकावरून, बँका ही नोंद थेट भूमीकडे, म्हणजे जमिनीच्या सरकारी संगणकीय नोंदींकडे, पाठवतात. पूर्वी कागद घेऊन तलाठ्याकडे जावं लागे. दोन्हीचा शेवट एकच, 11-ब मध्ये एम.आर. नंबर (फेरफाराचा क्रमांक), सोसायटीचं नाव आणि रक्कम.

पण काका बोजा ठेवू शकत होते तो आपल्या हिश्शावर. जंटी पहाणी म्हणजे सगळी जमीन कोणीही गहाण टाकावी असा त्याचा अर्थ नाही. सहहिस्सेदाराने अविभक्त हिस्सा गहाण टाकला आणि पुढे वाटणी झाली, तर सरळ झालेल्या वाटणीत त्याला जो तुकडा येईल त्या तुकड्यावर धनकोचा हक्क जातो. हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाच्या, 1874 च्या निवाड्यापासून चालत आलेलं आहे. पहाणीवर मात्र नोंद सर्व्हे नंबरासमोर बसते, त्यामुळे दिसताना ती पूर्ण 2 एकरांवर दिसते आणि गिऱ्हाईक बिचकतं. पोटहिस्से पाडताना तीच नोंद प्रत्येक नव्या हिश्श्यावर उतरलेलीही बघायला मिळते. तेव्हाच हरकत घेऊन ती काकांच्या हिश्शापुरती करून घ्यावी.

याला एक अपवाद आहे आणि चुलतभाऊ नेमका त्यावरच बोट ठेवेल. काका एकत्र कुटुंबाचे कर्ते होते आणि कर्ज कुटुंबाच्या गरजेसाठी घेतलं होतं, असं दाखवता आलं तर बोजा सगळ्यांच्या हिश्शांवर धरला जाऊ शकतो. विहीर, बोअरवेल, घरातलं लग्न, वडिलांचं आजारपण अशी कारणं त्यात येतात. कर्जमागणी अर्जाची नक्कल सोसायटीकडून मागा. त्यावर कारण लिहिलेलं असतं, आणि जामीनदारांच्या सह्याही. तुमच्या वडिलांची जामीनदार म्हणून सही तिथे आहे का, ते सगळ्यात आधी बघा.

कारण जामीनदार हा जबाबदारीचा सगळ्यात शुद्ध नमुना. त्याच्या जमिनीवर एक रुपयाचा बोजा नसतो, पण भारतीय करार कायदा 1872, कलम 128 प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. गावात जामीन राहणं म्हणजे चहा पिऊन सही करणं, असाच समज आहे. “मी फक्त जामीन हाय की ओ, कर्ज माझं न्हवं,” हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. त्याचं उलट उदाहरण म्हणजे भावाच्या कर्जासाठी ज्याने जमीन गहाण दिली पण कर्जाच्या कागदावर कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नाही, तो. त्याच्या जमिनीवर बोजा पूर्ण, अंगावर जबाबदारी मात्र नाही. जमीन विकूनही रक्कम पुरली नाही तर बाकीसाठी त्याच्या पगाराला हात लावता येत नाही.

म्हणजे तुमच्या घरात हिशेब असा बसतो. चुलतभावाने काकांचा हिस्सा वारशाने घेतला, तो बोज्यासकट घेतला. काकांचं कर्ज फेडायची त्याची जबाबदारी काकांकडून मिळालेल्या मिळकतीच्या किमतीएवढी, त्याहून जास्त नाही. बापाचं कर्ज मुलाने, नातवाने फेडलंच पाहिजे हा जो जुना धर्मशास्त्राचा आधार होता, तो 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या कर्जांना लावता येत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने कोर्टांना तसं करायला मनाई केली. तुमचा आणि बहिणीचा हक्क वडिलांकडून आलेला आहे, काकांकडून नाही. वडिलांनी कर्जात किंवा जामिनात सही केली नसेल, आणि कर्ज कुटुंबासाठी घेतलेलं नसेल, तर तुम्ही दोघं होणेगार नाही. नोटिशीत तिन्ही नावं आली ती बहुधा नवव्या रकान्यातून उतरवून घेतल्यामुळे.

नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका. दोन ओळी पुरतात: आम्ही कर्जदार वा जामीनदार नाही, आमचा हिस्सा वडिलांकडून आलेला आहे, कर्जाच्या अर्जाची आणि घोषणापत्राची नक्कल मिळावी. उत्तर कन्नडमध्ये द्या आणि पोच घ्या. ‘बाकी आहे हे मान्य, थोडी मुदत द्या’ असं भलेपणाने लिहून देऊ नका. गहाणाच्या किंवा बोज्याच्या रकमेसाठी दावा लावायची मुदत 12 वर्षांची असते. मुदतीच्या आत जबाबदार माणसाने कर्ज लेखी कबूल केलं किंवा काही रक्कम भरली की ती नव्याने मोजली जाते. ही मुदत दाव्याची, हेही लक्षात असू द्या. ‘बारा वर्षं झाली, बोजा आपोआप गेला’ हे पारावरचं म्हणणं. पहाणीतली नोंद आपोआप कधीच जात नाही.

त्याच्या बरोबर उलटा समज म्हणजे ‘फेडलंय की ओ सगळं, मग बोजा कसला राहिला?’ कायद्याने म्हणाल तर खरंच राहिला नाही. पण नोंद आहे. कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964, कलम 133 प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, म्हणून फेडलेल्या कर्जाची शिळी नोंदसुद्धा गिऱ्हाईक पळवायला पुरेशी होते. आणि नोंद नाही म्हणून बोजा नाही, असंही नाही. नोंद ही बोज्याची पावती आहे, बोजा नव्हे.

गिऱ्हाइकाचा वकील ईसी मागेल, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र. नाव ऋणभार असलं तरी त्यात फक्त कर्जं नसतात. त्या मिळकतीचे सब-रजिस्ट्रारकडे नोंदलेले सगळे व्यवहार त्यात येतात: खरेदी, बक्षीस, वाटणी, गहाण, गहाणमुक्ती. व्यवहार असतील तर फॉर्म 15 मध्ये मिळतं, काहीच नसेल तर फॉर्म 16 मध्ये, निरंक. फॉर्म 15 आलं म्हणजे जमीन अडकलेली असं नव्हे. ओळ वाचून बघा, कदाचित आजोबांची खरेदीच असेल. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून हे घरबसल्या काढता येतं, पण जुन्या काळाचं हवं असेल तर कचेरीतच जावं लागतं.

ईसीत जे येत नाही ते जास्त त्रास देतं. मूळ कागद बँकेत नुसते ठेवून केलेलं गहाण, त्याची नोंदणी झालेली नसेल तर. कोर्टात चालू असलेला वाटणीचा दावा. दावा चालू असताना घेतलेली जमीन निकालाला बांधील राहते. थकलेला सारा आणि इतर सरकारी येणं. आणि 1978 च्या कर्नाटक कायद्याखाली येणारी, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन, जी सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाही. त्याला कोणी बोजा म्हणत नाही, पण एका रुपयाच्या कर्जाशिवाय खरेदी रद्द करणारी ती गोष्ट आहे. दहावा रकाना यासाठी नीट वाचायचा.

संचकारपत्राबद्दल, म्हणजे विसार घेऊन केलेल्या विक्रीच्या कराराबद्दल, तुम्ही ओझरतं विचारलंय. चुलतभावाने दुसऱ्या कोणाकडून संचकार घेतलाय असं कानावर आलंय. नुसत्या संचकारपत्राने जमिनीवर हक्क किंवा बोजा तयार होत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्ये स्पष्ट शब्दांत आहे. मात्र संचकार म्हणून दिलेल्या पैशापुरता घेणाऱ्याचा बोजा विकणाऱ्याच्या हिश्शावर बसतो, तो कलम 55 मधून. आहे गुंतागुंतीचं, पण अर्थ सोपा आहे: त्या माणसाला जमीन मिळेलच असं नाही, पण त्याचे पैसे त्या हिश्शाला चिकटलेले आहेत. तुमच्या हिश्शाला नाही.

मी तुमच्या जागी असतो तर वाद न घालता आधी खातेउतारा काढून बाकी बघितली असती. रक्कम वकिलाच्या आणि हेलपाट्यांच्या खर्चाच्या आसपास असेल तर ती भरून टाकावी आणि चुलतभावाच्या हिश्शातून वळती करून घ्यावी. त्या मिळकतीत हितसंबंध असलेला कोणीही गहाण सोडवू शकतो, आणि सोडवणारा धनकोच्या जागी उभा राहतो. त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याची कलम 91 आणि 92 गहाणाबद्दल हे सांगतात आणि बोज्यालाही जिथे लागू पडेल तिथे लागतात. अट एकच, पावती तुमच्या नावाने घ्यायची आणि ‘मयताच्या कर्जापोटी, मिळकत मोकळी करण्यासाठी, स्वतः कर्जदार नसताना भरले’ एवढं त्यावर किंवा सोबतच्या अर्जावर लिहायचं. नाहीतर उद्या तीच पावती तुम्ही जबाबदारी कबूल केल्याचा पुरावा म्हणून दाखवली जाईल.

पैसे भरल्यावर सोसायटीकडून बेबाकी पत्र घ्यायचं. बेबाक हा आपला जुना मराठी शब्द, हिशेब पूर्ण चुकता; मराठीतून तो जवळजवळ गेला, कन्नड बँकांच्या कागदावर अजून टिकून आहे. पत्रात सर्व्हे नंबर, हिस्सा, एम.आर. नंबर आणि रक्कम पहाणीतल्यासारखीच हवी. नुसतं ‘कर्ज फिटले’ असं पत्र कचेरीतून परत येतं. नोंद फ्रूट्समधून चढली असेल तर ती उतरवायचं कामही बँकेकडूनच व्हावं लागतं. जुनी असेल तर पत्र जोडून नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) किंवा तहसीलदार कचेरीतल्या भूमी केंद्रात अर्ज करायचा. नोंदणीकृत गहाणखत असेल तर गहाणमुक्तीचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे वेगळा करावा लागतो, आणि तो खर्च कर्जदाराच्या बाजूचा. शेवटी नवीन पहाणी काढून 11-ब रिकामा झालाय हे डोळ्यांनी बघायचं. कर्जमाफीच्या यादीत नाव होतं म्हणून नोंद गेली असेल, असं धरून चालू नका.

कर्ज बँकेचं असतं तर एक हत्यार जास्त होतं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत करून बोजाची नोंद काढून द्यायची, नाहीतर बँकेच्या चुकीने झालेल्या उशिराचे दिवसाला 5,000 रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. जिल्हा सहकारी बँकाही त्यात येतात. गावची पीकेपीएस, म्हणजे प्राथमिक शेती पतपुरवठा सोसायटी, रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, तिथे सहकार खात्याकडे अर्ज करायचा.

आता दस्ताची भाषा. खरेदीपत्र कन्नडमध्ये होणार, तरी ‘बोजा’ हा शब्द तसाच ठेवायला सांगा. ‘साल, बोजा, जप्ती’ अशी जोडणी आपल्याकडच्या कन्नड दस्तांत रुळलेली आहे आणि सब-रजिस्ट्रारकडे कोणी भुवया उंचावत नाही. पहाणीशी मेळ बसावा म्हणून पुढे ‘ऋण’ही घाला. जबाबदारीच्या वाक्यात मात्र ‘होणे’ किंवा ‘जवाब्दारी’, तिथे बोजा नको. ‘बोज्याची जबाबदारी विकणाऱ्यावर’ एवढंच मोघम लिहिलं की दोन अर्थ निघतात: विक्रीआधीचा की नंतर निघालेलाही? म्हणून तारीख घाला.

नोंद उतरण्याआधीच दस्त करायचा असेल, आणि गिऱ्हाईक थांबायला तयार नसेल, तर मराठीत मी तो मजकूर असा लिहीन, कन्नड त्यावरून करून घ्या: “सदर सर्व्हे नंबरावर पहाणीच्या 11-ब रकान्यात लिहून देणार यांच्या मयत काकांच्या नावे सोसायटीच्या 60,000 रुपयांच्या कर्जाचा बोजा नोंद आहे, तो लिहून घेणार यांना दाखवला आहे. लिहून देणार हे त्या कर्जाचे कर्जदार वा जामीनदार नाहीत. सदर बोजा आजच्या तारखेपासून तीन महिन्यांत उतरवून नवी पहाणी देण्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील. तोपर्यंत किमतीपैकी ठरलेली रक्कम लिहून घेणार यांनी राखून ठेवली आहे. या दस्ताच्या तारखेपूर्वीचा अन्य कसलाही बोजा निघाल्यास लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारण करावे.”

राखून ठेवायची रक्कम 60,000 धरू नका. खातेउताऱ्यात व्याजासकट जो आकडा निघेल तो धरा, आणि त्यात तीन महिन्यांचं पुढचं व्याज मिळवा.